तुझा डोळा सुईनं गेला नाही, मंदे

प्रिय मंदे,

चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस. तू गेल्याला वर्ष झालं, मी गप्प होते. पण काल तुझी संगी सायखेड्याला येऊन गेली आणि लिहिणं भाग पडलं.

तिलाही तुझ्यासारखीच साखर. डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय. नाशिकच्या डॉक्टरनं डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय. म्हणते कशी, "मोठी आई, मी नाय घेणार. आईचा डोळा त्या सुईनंच गेला ना?"

आणि मी काय केलं? चहा गाळत बसले!

तुलाही डोळ्यात सुया सुरू होत्या. दोन सुयांनंतर तुला एसटीची पाटी वाचता यायला लागली होती. तिसरी घेतलीस आणि दोनच दिवसांनी चुलत सासऱ्यांचा दहावा आला. सुतक फिटायचं तर डोक्यावरून न्हायलाच हवं. तू हळूच म्हणालीस, "अक्का, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाय, डॉक्टरनं बजावलंय."

मी सगळ्यांदेखत खेकसले, "डॉक्टर काय तुझा सासरा हाय का? न्हायली नाहीस तर चुलीला शिवू नको!"

भावकीतल्या बाया हसल्या. तू निमूट तांब्या डोक्यावर ओतलास.

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. ठणकतोय, धुकं दिसतंय म्हणालीस. दवाखान्याचा कागद माझ्या हातात दिलास. डोळा लाल झाला, दुखला, कमी दिसलं, तर त्याच दिवशी या, असं त्यावर लिहिलेलं. मला वाचता येत नव्हतं का? येत होतं! तरी म्हटलं, "सुई टोचल्यावर लाल व्हणारच. नखरे पुरे." आणि वर डोळ्यात गुलाबपाणी घातलं. तीन दिवस, मंदे!

शेवटी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाला, आत जंतू पसरलेत. पाण्यानं गेले की कशानं, सांगता येत नाही. पण लाल दिसल्याबरोबर आला असतात तर डोळा वाचवता आला असता. "उशीर का केला?"

तू माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. "मलाच वाटलं, बरं व्हईल."

का गं? एकदा तरी माझं नाव घ्यायचंस! भांडायचंस!

घरी येऊन मी आळीभर सांगत सुटले, सुईनं डोळा खाल्ला. तुझ्यादेखत. तू चाचपत भाकरी थापत राहिलीस. तुझ्या दहाव्यालाही बायांना मी तेच सांगितलं. लाज वाटायला मला वर्ष लागलं, तेही तुझ्या पोरीचा डोळा पणाला लागला तेव्हा.

माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, तुझी खोडच ती.

सोमवारी संगीची तारीख आहे. उद्याच सातपूरला तिच्या घरी जाते. नवऱ्यासमोर, सासूसमोर सगळं सांगते, एक शब्द गिळत नाही. तिनं ठेवून घेतलं तर सुईनंतर रोज तिचा डोळा बघीन, आणि जरा लाल दिसला तरी त्याच पावली दवाखान्यात नेईन. हाकललं, तर पायरीवर बसेन. पण सोमवारी ती रिक्षात बसेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुला गप्प बसवणारी,
तुझी थोरली जाऊ