बिनधातूचा वॉकर

दानदोंग (चीन), ३ मार्च २०१८

चि. सौ. पेइझन हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईचं खुब्याचं हाड जुळलं, हे तुझ्या पत्रातून कळलं. दोन महिन्यांत ती चालती झाली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टर म्हणाले, हेही वाचलं. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेतला. ॲल्युमिनियमचा, हलका, चारी पायांत रबरी बूट. तो सध्या माझ्या खोलीत उभा आहे. त्यावर मी टॉवेल वाळत घालतो.

झालं असं, की आमच्या चौकीवरच्या तरुण साहेबांनी तो एका बोटाने वाजवून पाहिला आणि धातू असल्याचा निर्णय दिला. तुमच्या देशात धातू जाऊ नये असा जगाचा ठराव आहे आणि त्यावर आमच्या महान राष्ट्रानेही हात वर केलेला आहे. मी विचारलं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई याचं क्षेपणास्त्र करील असं वाटतं का? ते म्हणाले, करणार नाही असं कुठे लिहिलंय, मास्तर? त्याच वेळी ताडपत्र्या आवळलेले ट्रक एकामागून एक सरहद्दीच्या पुलावर चढत होते. ताडपत्रीखाली काय आहे, हे विचारण्याची आमच्याकडे रीत नाही.

तुमच्याकडे एखादा सुतार मिळेल का? की त्याचंही लाकूड सरकारजमा झालंय? मेव्हण्यांना नमस्कार. आईच्या पायाला माझा हात लाव. लोभ आहेच, तो पुलावर तरी अडवत नाहीत.
तुझा,
शौरन

शिनउइजू (उत्तर कोरिया), १२ मार्च

ती. दादास,
पेइझनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र चू ड्रायव्हरने सीटखालून काढून दिलं. वाचून आई हसली, मी नाही हसले.

आमच्या लाकडाची चौकशी करतोस. आधी स्वतःच्या काठाकडे बघ. तिथे तुमची माणसं दुर्बिणी भाड्याने देतात आणि सहलीला आलेले लोक आम्हांला प्राणिसंग्रहालयासारखे न्याहाळतात. परवा मी नदीवर चादरी धूत होते, तर तुमच्या होडीतून एकीने माझ्याकडे बिस्किटांचा पुडा फेकला. मी तो परत फेकला. नेम चांगला लागला. आमच्याकडची वीज जाते हे खरं. तुमच्याकडची लाज गेली आहे आणि ती येण्याची वेळही कुणी सांगत नाही. सकाळी आमच्यावर बंदी घालायची, दुपारी आमच्याच खाणीतला कोळसा स्वस्तात उचलायचा आणि संध्याकाळी मैत्रीची गाणी लावायची.

मी पासपोर्टाने तुमच्यातली, जन्माने इथली. त्यामुळे शिव्या दोन्हीकडच्या खाते आणि दोन्हीकडे देतेही.

आई पलंगाच्या कडेला बसून पाय खाली सोडते. तू धाडशील म्हणून वाट बघते. लाकडाचा कर, पण लवकर कर.
तुझी,
पेइझन

दानदोंग, २ एप्रिल

चि. सौ. पेइझन हिस,
अ. आ. वि. वि.

वॉकर झाला. अक्रोडाचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. सुताराला वाटलं, मी देव्हारा करून घेतोय. चौकीवर साहेबांनी त्यावरून लोहचुंबक फिरवला. तो कुठेच चिकटला नाही म्हणून त्यांना मनापासून वाईट वाटलं. ओरखडे पडू नयेत म्हणून मी वॉकर वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून सुतळीने आवळला आहे. उद्या चू नेईल. आईची पहिली दहा पावलं झाली की कळव.
शौरन

शिनउइजू, १४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू एवढे ग्रंथ वाचलेस आणि वॉकर गुंडाळताना पहिलं पान वाचलं नाहीस? त्यावर आमच्या नेत्यांचा फोटो होता, तुमच्या राष्ट्राध्यक्षांशी हात मिळवतानाचा. इथलं शेंबडं पोरसुद्धा पेपर दुमडण्याआधी फोटो कुठे आहे ते बघतं. तू बरोबर नाकावरून घडी घातलीस. सुतळीची गाठ गळ्यावर आली.

आमचा अधिकारी पांढराफटक पडला. त्याने कागद दोन्ही हातांनी सोडवला, तळहाताने सरळ केला आणि स्वच्छ लिफाफ्यात ठेवला. तुमच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावरही घडी होती. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तुझ्या मेव्हण्यांना तीनदा माफीनामा लिहावा लागला. पहिल्यात पश्चात्ताप कमी पडला, दुसऱ्यात अक्षर वाईट होतं. वॉकर पुरावा म्हणून जप्त झाला. कालच मी अधिकाऱ्याच्या सासऱ्याला तो घेऊन अंगणात फिरताना पाहिलं. पुरावा छान चालतो.

आता मस्करी पुरे. हे कोळशाच्या फेऱ्यांवर असतात, मी दिवसभर बाजारात. आईला धरून उठवणारं घरी कुणी नाही. डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांतले सोळा उरले आहेत. तुला हे लिहू नको म्हणाली, म्हणून लिहिते: शौरन वस्तू पाठवत बसतो, स्वतः का येत नाही, असं ती विचारत होती. तू अकरा वर्षं आला नाहीस. आलेल्या प्रत्येकाला आधी आमच्या थोरल्या नेत्यांच्या पुतळ्यापुढे फुलं ठेवून वाकावं लागतं आणि तुला ते जमत नाही, हे मला ठाऊक आहे. आईला मी सांगितलं, दादाला शाळेतून रजा मिळत नाही.
पेइझन

दानदोंग, १९ एप्रिल

चि. सौ. पेइझन हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईला खोटं सांगितलंस, त्याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्यावर रागवायचं, ते ठरत नाही. रजा मागितली, पाच मिनिटांत मिळाली. वाकण्याचंही फारसं अवघड नाही. तीस वर्षं मुख्याध्यापकांसमोर काढली आहेत, पाठीला सवय आहे. फुलं पुतळ्याच्या पायथ्याशीच विकत मिळतात आणि तीच परत विकली जातात, असं चू सांगत होता. एवढी उत्तम व्यवस्था आमच्या महान राष्ट्रालाही जमलेली नाही.

काल अर्ज भरला. प्रवासाचं कारण, आईची भेट. पुढे सोबत नेणाऱ्या वस्तूंचा रकाना होता. तो मी रिकामा सोडला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, रकाना रिकामा चालत नाही आणि रिकाम्या हाताने तिकडे कुणी जात नाही. काका, खरं काय ते लिहा. मागे रांग खोळंबली होती. मी लिहिलं: दोन हात, वापरलेले, धातू नाही.

बाईंनी नियमांची यादी वरपासून खालपर्यंत तपासली आणि शिक्का मारला. मंगळवारी सकाळच्या बसने येतो. आईला पलंगाच्या कडेला बसवून ठेव.
तुझा,
शौरन