न कापलेलं बोट

३० मार्च, सोम.
मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले. गुरुवारी चर्चमध्ये मंडळीचे पाय धुवायचेत. प्रभूनं शिष्यांचे धुतले म्हणून आपणही धुवायचे, हे इतकी वर्षं मीच शिकवतोय. आणि मलाच पायांची किळस. भेगा, त्यातला काळा मळ, पिवळी नखं.
गेल्या साली येलदरीची मंडळी इकडं ताडकळसला आली होती. मोजे बघून गयाबाईनं हळूच विचारलं. बोट कापलंय म्हणालो, मोजा काढून पट्टी दाखवली. पट्टी घरूनच बांधून नेली होती, कापलं काहीच नव्हतं. ह्या सालीही कापावं लागणार.
दुपारी वसंताचा फोन. शाळेत माझाच विद्यार्थी, आता येलदरीची मंडळी सांभाळतो. “गुरुजी, यंदा आमी हितंच करायलोत. तुमी केलतं तसंच करतो, काडीचा बदल न्हाई.” बरं वाटलं. शिष्य असावा तर असा.

२ एप्रिल, गुरु.
सहा जणांचे धुतले. किसनराव घरूनच पाय घासून, वर पावडर लावून आला. लेकाचे, पाय दाखवायला आणतात, धुवायला नाही. चीड आली. मग दगडू बसला, सरळ गोठ्यातून आलेला. बोटांच्या बेचक्यात वाळलेलं शेण. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं गुरुजी प्रार्थना करतायत.
घरी शांता म्हणाली, “मागच्या साली डाव्या हाताला पट्टी होती. यंदा उजव्याला?”
जेवलो नाही.

३ एप्रिल, शुक्र.
उपासना आटोपून घरी आलो तर व.चा फोन. लय खुशीत. “सगळं तुमच्यासारखं झालं गुरुजी. मोजे जिंतूरवरून आणले.”
मी म्हणालो, कसले मोजे?
“पाय धुवायचे. लोकांनी इचारलं, हे कशाला. म्हणलं, शुद्धतेची खूण हाय.”
शुद्धतेची खूण. माझ्या ओकारीला ह्यानं शास्त्राचा अर्थ लावला. पट्टी त्याला माहीतच नाही, गेल्या साली तो पाठीमागं बसला होता. त्यानं मोजे तेवढे बघितले.
शेवटी म्हणाला, गयाबाईनं घमेल्यातून पाय ओढून घेतला, चपला हातात घेऊन निघून गेली. आज आलीच नाही. “तुमीच समजावून सांगा तिला.”
‘कित्ता’ हा शब्द मी दर वर्षी फोडून सांगतो. प्रभूनं कित्ता घालून दिला, आपण गिरवायचा. शाळेत फळ्यावर माझा ळ वाकडा पडायचा. सगळ्या वर्गाचा वाकडा झाला. वसंता अजून तसाच काढतो, त्याच्या चिठ्ठ्या माझ्याकडं आहेत.

५ एप्रिल, रवि.
ईस्टर. उपदेश चांगला झाला म्हणे. मला माझाच आवाज ऐकवेना.
व.नं मोबाइलवर फोटो पाठवलाय. सहा माणसं, मोज्यांतले बारा पांढरे हात, सगळे हसतायत. वालूरच्या मंडळीलाही ही रीत सांगणार आहे. शी.
शांता: “फोन करून सांगून टाका ना.”
मी: काय सांगू? तुझ्या गुरुजीला माणसाच्या पायाची घाण वाटते म्हणून?
“हो. तेच.”
नाही केला.

७ एप्रिल, मंगळ.
येलदरी. परभणी, जिंतूर, दोन गाड्या बदलून. सगळं नीट ठरवून गेलो होतो: आधी गयाबाईची माफी, मग तिथंच व.ला खरं सांगायचं.
तिच्या दारात जाळी वाळत घातलेली, माशांचा वास. नाकाला रुमाल लावला. लगेच काढला, पण सोबतच्या व.नं बघितलं. त्यानंही लावला.
म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. पाहुणा आला की पायावर पाणी, तिची रीत. मी तांब्या मागितला, दिला नाही. वाकून स्वतःच ओतलं, टाचेला चिकटलेलं डांबर अंगठ्यानं खरवडून काढलं. सत्तरीची बाई.
मग वर बघून म्हणाली, “बोट बरं हाय का गुरुजी? सालभर मागितलं मी देवाजवळ त्या बोटासाठी.”
तोंड उघडलं. “बरंय,” एवढंच निघालं.
“तुमचं तरी कापलं व्हतं. पट्टी दावली तुमी मला. ह्या वसंताचं काय कापलं व्हतं? का माझा पाय लय घाण हाय?”
व. खाली मान घालून उभा. मीही. म्हातारी म्हणाली, रविवारी येते, पण तुमी या. तुमीच धुवा.
येतो म्हणालो. व. गाडीपर्यंत सोडायला आला, त्यालाही खरं सांगायचं राहिलं. आजवर दुसऱ्यांचीच घाण वाटायची. आज खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं, मान फिरवली.

११ एप्रिल, शनि.
उद्या पहाटेची गाडी. शांतानं पिशवी भरली. टॉवेल, साबण. “मोजे ठेवू?” विचारून ती ओट्यावरच ठेवून गेली.
संध्याकाळी व.चा फोन. आवाज पडलेला. “चूक माझीच हाय गुरुजी. तुमचं बोट कापलं व्हतं, मला ठावंच नव्हतं. नुसते मोजे बघितले, पट्टी न्हाई बघितली.”
वसंता, ऐक, म्हणालो.
“न्हाई, मी इचार केलाय. म्हातारीचं मन मोडायचं न्हाई. उद्या मीबी पट्टी बांधून येतो, कापलं व्हतं म्हणून सांगतो. तिचं समाधान होईल.”
मी ही वही ओढली.
“गुरुजी, तुमी कोणत्या बोटाला बांधली व्हती?”
थांब, म्हणालो. फोन कानालाच आहे, एका हातानं हे खरडतोय. तो तिकडं वाट बघतोय.