सुकलेल्या कुंड्या

दादा,

तुला लॅब दाखवायला नेलं, तीच चूक झाली. मी फोनवर होते तेवढ्यात तू सुकलेल्या कुंड्यांना पाणी घालून मोकळा! वर मलाच म्हणतोस, "दयामाया आहे की नाही गं?" अरे, मुद्दाम तहानलेली ठेवली होती ती रोपं! तग धरायला पान आतल्या आत काय बनवतं, तेच मोजायचं होतं. वर्षभराचं काम पाण्यात गेलं.

आणि सासरहून मी अशीच सुकून परत आले, तेव्हा कुठे होती ही दया? दारातच म्हणालास, "थोडं सोसायला शीक."

शिकले. इतकं शिकले, की रोपांच्या सोसण्यावरच डॉक्टरेट केली.

हे पत्र पाठवणार नाही. तुझी दया आता नकोय मला.

कुणीही पाणी न घालता जगलेली,
तुझी धाकटी