एप्रिलमध्ये वाळू गार असते

कलन, ३ फेब्रुवारी १९७१

चि. स्ट्रुअन यास एल्सपेथताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाताळचं पत्र बाबा खिशात घेऊन फिरतात. जेवण मात्र कमी झालंय. माशाचं सूपसुद्धा अर्धं टाकतात. डॉक्टर दोनदा येऊन गेले. ते काय म्हणाले हे कुणाला कळवायचं नाही, अशी बाबांची मला ताकीद आहे. म्हणून एवढंच लिहिते, की ते जरा दमतात. तुला कॅनडाला जाऊन बारा वर्षं झाली. या वर्षी जूनची वाट बघू नकोस, एप्रिलमध्येच ये. मुलांना आजोबा भेटू देत.

वहिनीला आठवण सांग. पत्र लवकर टाक.
ताई


हॅलिफॅक्स, १९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

एप्रिलमध्ये तिकडे काय बघायचं, धुकं? मुलांना मी भरमसाट कबूल करून बसलोय: सँडेंडची पुळण, फिंडलेटरचा कड्यावरचा पडका किल्ला, पोर्टनॉकीचा कमानीचा खडक, ट्रूप हेडचे समुद्रपक्षी. यादी सोबत आहे. बाबांना दाखव, काही राहिलं असेल तर भर घालतील. सत्त्याहत्तराव्या वर्षी माणूस दमणारच. तू पहिल्यापासूनच काळजीखोर. मी धक्क्यावर गळ टाकायला निघालो तरी तू दारात वारा बघत उभी असायचीस.

मुलांचे आत्याला पापे. राग धरू नये.
स्ट्रुअन


कलन, १४ मार्च

चि. स्ट्रुअन, आशीर्वाद.

यादी मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी बाबा टोपी घालून तयार. मुलं यायच्या आत सगळं तपासून ठेवायला हवं म्हणाले. इयनकाकांनी त्यांची व्हॅन काढली. सँडेंडला ओहोटीची ओढ कुठे आहे, किल्ल्याच्या वाटेवर पाय कुठे घसरतो, सगळं त्यांनी तुझ्या यादीवर पेन्सिलीने लिहिलंय. पोर्टनॉकीला मात्र गाडीतून उतरले नाहीत. काचेतूनच खडक बघितला आणि नावापुढे खूण केली. एरवी भरधाव जाणाऱ्या इयनकाकांनी येताना व्हॅन अगदी सावकाश चालवली. आधीचं तिकीट मिळतं का ते बघ. खरंच बघ.

तुझी वाट बघणारी,
ताई


कलन, १६ मार्च (कार्ड)

बाळ स्ट्रुअन,

ताईचं फार मनावर घेऊ नकोस. माझी तब्येत तशी वाईट नाही. जूनमध्येच ये. एप्रिलमध्ये वाळू गार असते, मुलांना अनवाणी पळता यायचं नाही. ट्रूप हेड तेवढं बघायचं राहिलंय.
बाबा


हॅलिफॅक्स, १ एप्रिल

ती. ताईस सा. न.

बाबांच्या हस्ताक्षरातलं कार्ड आलं आणि जीव भांड्यात पडला. तू उगीच घाबरवलंस. बारा जूनची तिकिटं काढली. ट्रूप हेडला आम्ही बाबांना घेऊन जाऊ. तूही चल, आणि त्या दिवशी तरी काळजी घरी ठेव.

तुझा,
स्ट्रुअन


कलन, २१ एप्रिल

चि. स्ट्रुअन,

तुझी तार मिळाली. वेळेवर विमान मिळालं नाही, ते समजलं. शुक्रवारी बाबांना पोचवून आलो.

मला तुझा राग आलाय. आपल्याकडे 'वाईट नाही' केव्हा म्हणतात ते तू विसरलास. बोट बुडून दोन सोबती गेले, त्या दिवशी घरी येऊन बाबा आईला हेच म्हणाले होते. पण मीही त्यांचीच मुलगी. पोटात कर्करोग होता, जेमतेम वसंत निघेल असं डॉक्टर म्हणाले होते, आणि मी काय लिहिलं, तर जरा दमतात. माझा हात धजला नाही. यासाठी मला क्षमा कर.

शवपेटी खाली सोडायच्या आठ दोऱ्या कुणी धरायच्या, ती नावं बाबांनीच लिहून ठेवली होती. उशाकडची, एक नंबरची, थोरल्या मुलाची असते, तिथे तुझं नाव होतं. खाली दुसरं नाव घाल, असं इयनकाकांनी त्यांना सुचवलं होतं. बाबा म्हणाले, कशाला, तो येईल. दफनभूमीत नंबर पुकारले. एक, स्ट्रुअन. कुणीच पुढे झालं नाही. पुन्हा पुकारलं. आपल्या गावात बायका दोरी धरत नाहीत, तरी मी भिंतीजवळून निघाले आणि ती धरली. कुणी अडवलं नाही.

ते एवढे हलके झाले होते, स्ट्रुअन, की दोरीला ओझं जाणवलंच नाही. माशाचं रिकामं खोकंसुद्धा जड लागतं.

लोभ असावा, असं आपण सवयीने लिहितो. आज मी तो मागते आहे.
ताई