न धुतलेलं गाठोडं

माय, काल दवाखान्यात धुतलेल्या चादरी पोचवायला मी स्वतः गेलो होतो. पोरं नको म्हणतात, "अप्पा, तुमी दुकानात बसा," पण एका जागी बसलं की माणसाला गंज चढतो. तुझा तो बाळंतिणींचा वॉर्ड पाडून तिथं नवी इमारत उभी राहिली आहे आणि तिच्या टोकाला एक छोटी खोली आहे. बाहेर मोठी पाटी नाही, हे मला आवडलं. ज्या बाईवर, पोरीवर जबरदस्ती झाली तिला आधी त्या खोलीत नेतात. आत माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची एक बाई बसते, समुपदेशक म्हणतात तिला. दार लोटलेलं होतं, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. आतून कुणीतरी रडवेलं होऊन म्हणत होतं, "मला आंगूळ करू द्या, लय किळस यायलीय." आणि ही बाई शांतपणे सांगत होती, "करायची ना. पाणी तापत ठेवलंय. आधी डॉक्टर, मग आंघोळ." मी चादरींचा गठ्ठा छातीशी धरून तिथंच थबकलो. मग लगेच दोन खांब पलीकडे जाऊन उभा राहिलो, कारण तू असतीस तर तोच कान पिरगळला असतास.

तू त्या दवाखान्यात आया होतीस आणि मी समोरच्याच रस्त्याला लाँड्री काढली होती. सुरुवात लिंबाखाली एका कोळशाच्या इस्त्रीवर झाली, मग पत्र्याचं दुकान झालं. मागं आपलं स्वयंपाकघर, मधे गोणपाटाचा पडदा. जयभीमवाल्याच्या हातचे कपडे नकोत म्हणणारी घरं होती, पण माझ्यासारखी कडक इस्त्री तालुक्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. पांढऱ्याशुभ्र धोतराचा मोह भल्याभल्यांना विटाळ विसरायला लावतो, हे मी तिथं शिकलो. बाकीचं सगळं पडद्याच्या पलीकडून शिकलो, तुझ्याकडून.

पहिली बाई आठवते ना? बोरीकडची, चांगल्या जमीनदाराच्या घरातली. शेतातून येताना तिच्यावर प्रसंग गुदरला आणि ती एकटीच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली होती. डॉक्टरीणबाई त्या दिवशी गावात नव्हत्या. तू तिला घरी आणलंस. बाळंतिणीला घालावी तशी कडक पाण्यानं आंघोळ घातलीस, पाठ चोळलीस, केस विंचरलेस, तुझं धुवट लुगडं नेसवलंस. तिचं लुगडं माझ्या हातात देऊन म्हणालीस, "असं धू, की डाग राहू ने." मी सोडा घातला, उकळलं, आपटलं, निळीत काढलं. त्या वयात मला माझ्या हाताचा लय अभिमान. एक डाग ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. "मावशी, धुतलंत? आंघोळ पण घातलीत? आता कोर्टाला दाखवायचं काय?"

तो माणूस सुटला. तू दोन दिवस जेवली नाहीस. मग एसटीनं त्या बाईच्या गावी गेलीस, मला बरोबर घेऊन, आणि तिच्या अंगणात उभी राहून म्हणालीस, "बाई, माजी चूक झाली. तुमचं सगळं मीच धुवून टाकलं." ती उठली, तुला ओट्यावर बसवलं. त्या घरच्या ओट्यावर आपल्यातलं कुणी त्याआधी बसलं नसावं. ती म्हणाली, "माय, त्या दिशी तू पानी घातलं नसतंस तर मी इहीर जवळ केली असती. मला केसपरीस ती आंगूळ मोठी." परतताना देवगाव फाट्यावर उतरल्यावर म्हणालीस, "म्हंजे आंगूळ बी पायजेल आन् कोर्ट बी पायजेल. नुसतं मागंपुढं करायचंय." एवढंच. पण पुढची दहा-बारा वर्षं तू त्या एका वाक्यावर काम केलंस. त्याला काही नाव असतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं.

नंतर ज्या आल्या त्यांना तू आधी डॉक्टरीणबाईंकडे न्यायचीस, तिथं त्यांचा हात धरून उभी राहायचीस, मग आपल्या घरी आंघोळ, मग चुलीपाशी बसवून पुढ्यात लसूण टाकायचीस. कधी काही विचारलं नाहीस. "सांगायचं आसंल तर सांग माय, न्हाईतर लसूण सोल." तास तास नुसता लसूण सोलला जायचा. मग कुणीतरी मधूनच बोलायला लागायची. "मी त्या वाटंनं गेलेच कामून?" असं कुणी म्हणालं की तुझा आवाज एकदम करडा व्हायचा, "वाट सरकारची हाय. तुजं काय चुकलं न्हाई." इस्त्री थांबवून मी ऐकत असलो की पडद्याआडून यायचं, "इस्त्री कामून थांबली रे? कान मागं ठिवून हात चालव." आणि एकदा बाहेर येऊन माझ्यावर जे बरसलीस ते अजून आठवतं. "आत मी हाय. भाईर तिचा बाप बसलाय, मुका झालाय बिचारा. त्याच्याकडं कोन बगनार? लय ऐकायची हौस हाय ना, मग त्याचं ऐक." तेव्हापासून बाप, नवरे, भाऊ माझ्या वाट्याला आले. त्यांना चहा पाजायचा, आणि "आता त्याला तोडतो" म्हणणाऱ्याला "तू जेलात गेलास तर हिला कोर्टात कोण नेईल?" एवढं विचारून खाली बसवायचं. बरं जमायला लागलं मला.

चारठाण्याच्या पलीकडच्या वस्तीवरची ती पोरगी आली तेव्हा नामांतराची धामधूम होती. आपल्यातलीच, सतरा-अठराची. गावातल्या बड्या घरच्या पोरानं केलेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कागद केले, आंघोळही झाली. पण कपडे पोलिसांनी पंचनामा करून सीलबंद न्यायचे असतात आणि ठाण्यातली सगळी माणसं परभणीला बंदोबस्तावर गेलेली. एसट्या बंद. दोन दिवस ते कपडे जसेच्या तसे सांभाळायचे होते. ते गेले की मागच्यासारखंच, पोरगी खोटी आणि तो मोकळा. "दवाखान्याच्या कपाटाच्या किल्ल्या चौघांकडं हायत," असं म्हणत तू कागदात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात दिलंस. "धुवायचं न्हाई, उकलायचं न्हाई, कुनाला द्यायचं न्हाई." लाँड्रीवाल्याला न धुतलेलं गाठोडं सांभाळायला देणारी तू पहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या न्हाव्याकडे दाढी करायला बसलो होतो. पलीकडच्या खुर्चीतला माणूस आरशाशी बोलावं तसा हळू बोलत होता. त्याच्या ओठांना साबण, माझ्या कानांना काही नाही. त्या पोराचे मामा दुपारी माझ्याकडे येणार होते, गाठोड्यासाठी. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. न्हावी म्हणाला, "अरे, अर्ध्या तोंडानं कुठं?" मी म्हटलं, "उरलेली उद्या, गिऱ्हाईक यायलंय."

दुकानाचं दार लोटून एक साडी घेतली, मागच्या मोरीच्या चिखलात लोळवली, कोळशाची राख चोळली, एका जागी टरकन फाडली. आयुष्यभर डाग काढणाऱ्या हाताला डाग पाडणं किती जड जातं म्हणून सांगू! मग ती तशाच कागदात बांधून फळीवर समोर ठेवली. खरं गाठोडं कुठं ठेवलं हे तुला सांगितलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. त्या मामांच्याच इस्त्री करून ठेवलेल्या धोतरांच्या थप्पीमागं. ते माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या धोतराला कांजी मीच देत होतो.

मामा आले. खुर्चीवर बसले, पान जमवलं. "काय म्हन्ते लाँड्री?"

"तुमच्या किरपेनं चाललंय, मालक."

"एक गाठोडं आलंय म्हनं तुमच्याकडं. पोरीबाळींच्या भानगडीत तुमच्यासारख्या धंदेवाल्यानं पडू ने. उद्या दुकानाला आग लागली, काय झालं, तर कोन इचारनार?"

मी खांद्यावरचं फडकं नाकाला लावलं. "मालक, मला तर त्याचा वाससुदिक नको. मायनं आणून टाकलंय. घेऊन जा, पण मी दिलं म्हनू नका." मी फळीकडे बोट केलं. त्यांनी कागद जरा फाडून पाहिला, नाक मुरडलं आणि गाठोडं काखेत मारून निघाले. जाताजाता म्हणाले, "शहाना हायस. माजी धोतरं उद्या पाठवून दे."

पाठवली. पोलीस आले, पंचनामा झाला, सील लागलं, आणि त्यानंतरच पाठवली, नेहमीपेक्षा कडक कांजी देऊन. कोर्टात वकिलानं मागितलं आणि सीलबंद गाठोडं पुढं आलं तेव्हा मामांचं तोंड कसं झालं ते तू पाहिलंस, मी बाहेर पोरीच्या बापापाशी बसलो होतो. निकालाला वर्षं गेली, शिक्षा झाली. तुला शिक्षेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं समाधान होतं. "तिनं भरल्या कोर्टात सांगितलं आन् मान खाली घातली न्हाई." आणि घरी येताना मला बजावलंस, "कुटं दिसली तर वळख दावायची न्हाई. तिनं दावली तरच." काही वर्षांनी ती नवऱ्याचा कोट घेऊन दुकानात आली. मी कोटाच्या खिशात बघू लागलो. तीच म्हणाली, "माय कशी हाय? तिला म्हनावं, लसूण अजून भराभरा सोलते मी."

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माय. काल त्या खोलीपासून परत येताना वाटलं, तुझं काम चालू आहे, शिकलेल्या माणसांच्या हातात आहे, बरं आहे. त्या बाईला तुझ्याबद्दल सांगावं असंही वाटलं, पण तिच्यापाशी कुणीतरी बसलेलं होतं, आणि अशा वेळी मधे बोलू नये हे तूच शिकवलंस. म्हणून हे लिहीत बसलो. कुठं धाडायचं नाही, वाचून झालं की फाडीन.

एक सांगायचं राहिलंय. मामांना दिलेली ती साडी कुणाची, असं तू विचारलं होतंस, आणि कुणी न्यायलाच न आलेली, जुनी, पडलेली होती असं मी ठोकून दिलं. पुढं त्या पोरीबरोबर परभणीला कोर्टात जायच्या दिवशी तू पेटी उपसलीस, माझ्या लग्नात नेसलेली तुझी जांभळी इरकल शोधत. शेजारणीला विचारलंस, उंदरांना शिव्या दिल्यास, आणि शेवटी साधंच लुगडं नेसून निघालीस. मी इस्त्री फिरवत होतो, मान वर केली नाही. दुकानात त्या दिवशी पस्तीस-चाळीस साड्या होत्या, माय, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या. त्यातली एक द्यायला हात धजला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तुझीच घेईन.