फिकट अक्षरांचे तीन दिवस

मात्सुए, १८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तळ्यावरचा वारा बोचू लागला आहे. तिकडे उत्तरेला, हाकोदातेला तर बर्फही पडला असेल. पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते, ती केली. मी बरी आहे, बाबा ठीक आहेत, दुकान चालू आहे. नऊ वर्षांनी लिहिणाऱ्या बहिणीने याहून जास्त लाडात येऊ नये, म्हणून बातमीवर येते.

मी कामाला होते तो छापखाना बंद पडल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी मी डिझाइनच्या कॉलेजात नाव घातलं. वर्गातली मुलं मला कुणाची तरी आई समजतात. माझ्या संशोधनाचा विषय आहे लहान दुकानांच्या वेबसाइटची मांडणी आणि अक्षरं. नमुना म्हणून आपलंच तोफूचं दुकान घेतलं. ती वेबसाइट बाबांनी सोळा वर्षांपूर्वी ग्रंथालयातल्या मोफत वर्गात शिकून स्वतः केली. लाल मथळा, विटांएवढी काळी अक्षरं, फोन नंबर चार ठिकाणी, आणि वर ‘आजचा तोफू संपला’ ही सरकणारी पट्टी. मी ती वर्गात पडद्यावर दाखवली. सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच.

आमचे हाताकेदा सर एकतीस वर्षांचे आहेत आणि काळ्याशिवाय कपडे घालत नाहीत. ते म्हणाले, “तोमोएबाई, पानाला श्वास घेऊ द्या.”

दिला. सगळीकडे पांढरी मोकळी जागा, मधे बारीक, फिकट राखाडी अक्षरं. पूर्णविराम काढून टाकले, ते डोळ्यांना टोचतात म्हणे. बाबांचा फोटो काळ्या चौकटीत. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि सोमवारी मी ते पान चालू केलं.

मंगळवारी सकाळी शेजारच्या कादोवाकी आजी काळा किमोनो नेसून, हातात दुखवट्याच्या पैशांचं पाकीट घेऊन दुकानात आल्या. गल्ल्यावर बाबा.

“कोण गेलं, आजी?”

“तुम्ही.”

“मला कुणी कळवलं नाही.”

आजींनी फोनवर पान उघडून दाखवलं. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. “छान लिहिलंय,” म्हणाले. “तोफू किती देऊ?”

“दोन. एक मऊ, एक घट्ट. आणि हे पाकीट परत नेते हं, पुढे लागेल.”

शाईत आसवं पडली म्हणून ती फिकी झाली, असं दाखवायला दुखवट्याचं पाकीट आपण फिकट शाईनेच लिहितो. निधनाच्या कार्डावर पूर्णविराम देत नाहीत. छापखान्यात अशी हजारो कार्डं माझ्या हाताखालून गेली. पण तेच पडद्यावर आलं की मी त्याला अभिरुची म्हणाले. आपली गिऱ्हाइकं सरासरी पंचाहत्तरीची. त्यांनी ते बरोबर वाचलं. चूक झाली ती माझी, शिकलेलीची.

तीन दिवसांत एकेचाळीस फोन आले. बाबा स्वतः उचलून सांगायचे, “मीच बोलतोय.” समोरचा दचकला की त्यांना फार मजा यायची. पण रोज दुकान बंद करताना मला विचारायचे, “मी आत असताना आणखी कुणाचा आला का?” तिसऱ्या दिवशी विचारलं, “उत्तरेकडून कुणाचा?”

मी ‘नाही’ म्हणाले.

आता संशोधनाचं. पान कुठल्या गावातून किती वेळा उघडलं जातं, याची मी जुन्या पानापासूनच मोजणी लावली आहे. नावं कळत नाहीत. हाकोदातेतून कुणीतरी दर रविवारी सकाळी सातला ते उघडतं आणि चार मिनिटं थांबतं. एवढ्या लांबून मात्सुएच्या तोफूवर जीव टाकणारा वेडा कोण, म्हणून मी त्याची नोंद ‘कारण अज्ञात’ अशी केली होती. त्या तीन दिवसांत त्याने पान सव्वीस वेळा उघडलं. फोन एकदाही केला नाही.

नंबर मी अगदी तळाशी, सर्वांत फिकट ठेवला होता. तो दिसला नसेल, असं मी तुझ्या वतीने स्वतःला सांगितलं. पण आपण लहान होतो तेव्हापासून तो नंबर बदललेला नाही.

वर ‘बाबा ठीक आहेत’ लिहिलं, तीही मोकळी जागाच. स्वादुपिंडात गाठ आहे. बाबा नवं वर्ष बघतील, असं डॉक्टर म्हणाले. वसंतात चेरी फुलण्याचं विचारलं तर कागद चाळायला लागले. तुला कळवायचं नाही, असं बाबांनी बजावलं आहे. नऊ वर्षांपूर्वी तुला ‘उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस’ हेही त्यांनीच बजावलं होतं. पण उत्तरेकडून कुणाचा फोन आला का, हेही तेच विचारतात. तेव्हा कुठलं ऐकायचं ते मी ठरवलं.

पान पुन्हा पहिल्यासारखं केलं आहे. अक्षरं काळी, जाड; नंबर आता पाच ठिकाणी. त्याबद्दल सरांनी गुण कापले. पुढच्या वेळी ती अक्षरं फिकट दिसली, तर ती माझी चूक नसेल.

दुकान पहाटे पाचला उघडतं. फोन अजून बाबाच उचलतात.

काळ्या शाईने लिहिणारी,
तुझी धाकटी
तोमोए