जैतुनाच्या हंगामात बंद दार

स्फाक्स, २२ ऑक्टोबर १९९६

चि. रीम हिला मोंजिया आत्याचे सलाम आणि आशीर्वाद.

इथे सगळे बरे. मुख्य कचेरीचं परिपत्रक आमच्या शाखेला मिळालं. विकत घेतलेल्या बँकेची खाती आपल्या संगणकात आणायला ९ आणि १० नोव्हेंबरला, शनिवार-रविवारी, सगळं बंद, आणि खाली सही तुझी. राजधानीत राहून जैतून कधी तोडतात तेही विसरलीस का गं? सोमवारी तोडणीवाल्यांची मजुरी असते आणि घाणेवाले रोकड आपल्याकडूनच नेतात. ही बँक आपले संस्थापक सी हेदी यांच्या तेलघाण्यामागच्या खोलीत सुरू झाली, झाडावरच्या फळावर उचल देऊन. आज साठ शाखा झाल्या, तरी हंगाम तोच आहे. तारीख पुढे ढकल.

लोभ आहेच, तो असू दे.

तुझी आत्या

ट्युनिस, २५ ऑक्टोबर

ती. आत्यास, रीमचा सलाम. वि. वि.

तारीख संचालकांनी मंजूर केली आहे. ट्युनिसमध्ये नोव्हेंबरात व्यवहार सर्वांत कमी असतात. मी तेवढंच पाहिलं. सोमवारी सकाळी आठला दार उघडेल. चाचण्या दोनदा झाल्या आहेत. आणि तू मागे सुचवलेल्या बांधकाम खात्यातल्या त्या स्थळाबद्दल पुन्हा लिहू नकोस.

माया कमी करू नये.

रीम

स्फाक्स, सोमवार ११ नोव्हेंबर, सकाळ

चि. रीम,

आठ वाजून गेले, संगणक बंदच. बाहेर घाणेवाले, त्यांच्यामागे तोडणीच्या बायका जमल्या होत्या. बँक बुडाली, असं माशांच्या बाजारापर्यंत पोचलंय. घाणेवाला लतीफ म्हणाला, मोंजिया, तू तुझे पैसे आधीच काढले असशील. तेव्हा घरी जाऊन दागिन्यांचा डबा आणला, सगळ्यांना उघडून दाखवला आणि त्यांच्यादेखत तिजोरीत ठेवला. तिजोरीला संगणक लागत नाही. लोक आज गेले; उद्या सकाळी दार मोडतील.

टेलिफोनवर तुमची माणसं गोड बोलतात, म्हणून चिठ्ठी भाड्याच्या गाडीतून पाठवतेय. खरं काय ते कळव.

आत्या

ट्युनिस, ११ नोव्हेंबर, दुपार

ती. आत्यास,

खरं असं: नव्या यंत्रणेत शिलका जुळत नाहीत. संचालक म्हणतात, बुधवारपर्यंत थांबू. माघार घेतली तर विलीनीकरणाची शोभा होईल. जुन्या यंत्रणेवर परतायचं तर आता लगेच, नाहीतर उद्याही बंद. मी परतायला सांगितलं आहे. त्यांना नंतर कळवलं. हे काम बहुधा माझ्याकडे राहणार नाही. तू डबा ठेवायला नको होतास. तारीख मी चुकीची ठरवली. दागिने तुझे का अडकावेत?

रीम

स्फाक्स, १३ नोव्हेंबर

चि. रीम हिला अनेक आशीर्वाद.

काल आठला दार उघडलं. मजुरी वाटली गेली. लतीफ पैसे काढायला आला होता. रांगेतून निघून घाण्यावर गेला, म्हणाला, फळ नासतंय. तुझ्याकडून काम काढून घेतलं असेल तर घेऊ दे. दोन दिवस इकडे ये, नवं तेल आणि गरम भाकरी खा.

आता एक. दागिने माझे नव्हते. माझे मी केव्हाच मोडलेत. तुझ्या आईने जाताना तुझ्या लग्नासाठी माझ्याकडे ठेवलेले, ते होते. रागावू नकोस. तुझा संगणक चालेल, असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. तू चुकलीस तर परत फिरशील, एवढ्या भरवशावर मी ते ठेवले.

येताना डबा ताब्यात घेतल्याची सही करायला पेन आण.

तुझी आत्या